काळ्या पडद्याचे वेदान्ती

लिनक्सच्या मुलुखात एक पंथ आहे. त्याचं दैवत काळा पडदा. निर्गुण, निराकार आणि विशेष म्हणजे निःसेटिंग. संगणकाला पाच मिनिटं हात लागला नाही की दैवत प्रकटतं. त्या अंधारात काही हलावं, फिरावं, चमकावं अशी इच्छा एखाद्या पामराने बोलून दाखवली, की मठातून समजूत घातली जाते: बाळा, स्क्रीनसेव्हरचे दिवस गेले. मॉनिटर बदलले, काळ बदलला, आता त्याची गरज उरलेली नाही.

गरज! दुसऱ्याच्या गरजा मोजायला कुणी बसलं की मी सावध होतो. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात बिनगरजेचं काहीतरी लखलखत असतं, आणि त्याबद्दल विचारलं की त्याला एकदम सौंदर्यशास्त्र आठवतं.

पण त्यांचा मुद्दा आधी मान्य करून टाकू, म्हणजे पुढे मोकळेपणाने भांडता येईल. जुन्या काचेच्या मॉनिटरला आतून फॉस्फरचा थर असायचा. तीच अक्षरं त्याच जागी तासन्‌तास तेवत राहिली की तिथला फॉस्फर झिजायचा आणि मॉनिटर बंद केला तरी त्या अक्षरांचं भूत काचेवर बसून राहायचं. यावर १९८३ मध्ये जॉन सोचा नावाच्या प्रोग्रामरने आयबीएम पीसीसाठी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. तो काय करायचा? तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही तर पडदा काळा करायचा. बस. हा तीन मिनिटांचा अवधी बदलायचा तर प्रोग्रामच पुन्हा कंपाइल करावा लागे. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या, म्हणजे आपल्या मठाच्या, रचनाकारांचे डोळे पाणावतील असा हा तपशील आहे. त्यांनी २०११ मध्ये आधुनिकता म्हणून जे आणलं, ते १९८३ मध्येच होऊन गेलं होतं.

पुढे सपाट मॉनिटर आले, फॉस्फर गेला, भूतं गेली. कबूल. पण लोकांना स्क्रीनसेव्हर फॉस्फरसाठी हवा होता हे कुणी सांगितलं? १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्सने मॅकसाठी ‘आफ्टर डार्क’ बाजारात आणला आणि त्यातल्या पंखवाल्या टोस्टरांनी धुमाकूळ घातला. लोकांनी रोख पैसे मोजून उडणारे टोस्टर विकत घेतले. त्यांतल्या ज्या पुण्यात्म्याने ते निव्वळ काचेच्या आरोग्यासाठी घेतले असतील, त्याचं दर्शन घ्यायला मी एका पायावर तयार आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या दिवसांत सरकारी कचेरीतल्या पडद्यावरून साहेबांचं नाव पदासकट उजवीकडून डावीकडे सरकत जायचं. तेही फॉस्फरसाठीच असणार, नाही का?

तेव्हा ‘गरज संपली’ हा युक्तिवाद नव्हे. जी गरज कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिच्या मृत्यूचा दाखला काढून भलत्याच इसमाचे दिवस घालण्याचा हा प्रकार आहे.

तो इसम कोण, ते सांगतो. १९९२ मध्ये जेमी झविन्स्की नावाच्या गृहस्थाने युनिक्ससाठी एक्सस्क्रीनसेव्हर लिहिला. हाच पुढे नेटस्केप या ब्राउझरच्या पहिल्या फळीत होता, मोझिला प्रकल्प उभा करणाऱ्यांत होता. मग सॉफ्टवेअरच्या धंद्याला कंटाळून त्याने सॅन फ्रान्सिस्कोत एक नाइटक्लब विकत घेतला. पण रात्रीचा क्लब आणि एक्सस्क्रीनसेव्हर असा दुहेरी संसार तो तीस वर्षं उलटली तरी करतो आहे. त्याच्या पेटाऱ्यात आज दोनशेहून अधिक चलच्चित्रं आहेत आणि अनेकांना झविन्स्कीची तिरकस टिपणी जोडलेली आहे. पेनरोजच्या फरशा आहेत, त्यांची नक्षी कधीच स्वतःला गिरवत नाही. जुलियाचे संच आहेत. आत-बाहेर असा भेदच नसलेली क्लाइनची बाटली आहे. तिच्याकडे बघताना भल्याभल्या वेदान्त्यांना आपलं अद्वैत कच्चं वाटेल. गरगर फिरणारे रेणू आहेत. दुसऱ्या यंत्रणा कोसळताना कशा दिसतात त्याचं अख्खं दालन आहे: विंडोजचा निळा पडदा, ॲमिगाची ‘गुरू मेडिटेशन’ची लाल चौकट, मॅकचा बॉम्ब. ‘फॉस्फर’ नावाचं एक चित्र तर जुन्या टर्मिनलची मंद विझत जाणारी हिरवी अक्षरं दाखवतं. ज्या काचेला जपायला हा प्रकार जन्मला, तिचंच नाटक! आणि हो, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारी एक गायही आहे. ती का आहे असं विचारणाऱ्याने हा लेख इथेच सोडावा, पुढे त्याला त्रास होईल.

गणित, संगणकाचा इतिहास, ग्राफिक्सची कारागिरी आणि निखळ वाह्यातपणा यांचं इतकं दाट मिश्रण फुकट मिळणारं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही. त्याची स्रोतसंहिता उघडी आहे. ओपनजीएलमध्ये एखादी आकृती कशी फिरवतात हे बघायचं असेल तर चित्र निवडा, फाइल उघडा, वाचा.

आता मठाची कारवाई ऐका. २००६ मध्ये ग्नोम २.१४ बरोबर ग्नोम-स्क्रीनसेव्हर आला. चित्रं झविन्स्कीच्या पेटाऱ्यातलीच घ्यायची, पण प्रत्येक चित्राच्या सेटिंग काढून टाकायच्या. वेग किती, रंग किती, गायी किती हे वापरणाऱ्याने ठरवायचं नाही. त्याला निर्णयाचा शीण होतो म्हणे. झविन्स्कीने त्याआधीच, २००३ मध्ये, ग्नोमवाल्यांच्या एका सवयीवर लेख लिहून ठेवला होता. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करणं कंटाळवाणं, नव्याने लिहिणं मजेचं. म्हणून नव्याने लिहायचं आणि जुन्या तक्रारी ‘आता लागू नाहीत’ म्हणून बंद करायच्या. ग्नोम-स्क्रीनसेव्हर म्हणजे त्या लेखाचं सप्रयोग व्याख्यान झालं. २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि चित्रंही गेली. आधी गायी मोजायचा हक्क गेला, मग गाय गेली.

उरला काळा पडदा. पण थांबा. निर्गुणाची उपासना इतकी सोपी नसते, तिलाही सगुण चाळे लागतात. २०१२ च्या ग्नोम ३.६ मध्ये कुलूपबंद संगणकावर एक नवा पडदा आला. त्यावर मोठं घड्याळ, मागे देखणं चित्र. पासवर्ड टाकायचा तर आधी हा पडदा माउसने धरून वर ढकलायचा, नाहीतर एखादी कळ दाबून त्याची मनधरणी करायची. बोटाने सरकवायचा तो टॅब्लेटचा थाट, आणि ज्या टॅब्लेटवर ग्नोम चालतं तो शोधायला कंदील घेऊन निघावं लागलं असतं. ज्यांनी ‘निरुपयोगी’ म्हणून स्क्रीनसेव्हर हद्दपार केला, त्यांनीच माणूस आणि त्याचा पासवर्ड यांच्यामध्ये एक शोभेचा अडसर बसवला, आणि तो २०२० च्या ३.३६ पर्यंत जपला. काढला तेव्हा प्रसिद्धी कशाची केली? मागचं चित्र आता छान धूसर दिसतं याची.

इथवर सगळी गंमत. कुलपाची गोष्ट मात्र गमतीची नाही.

लिनक्सवर वर्षानुवर्षं राज्य केलेल्या एक्स नावाच्या यंत्रणेत पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्राम हा इतरांसारखाच एक साधा प्रोग्राम असतो. तो अख्खा पडदा झाकतो, कीबोर्ड-माउस ताब्यात घेतो आणि पासवर्ड विचारतो. कोसळला, की झाकण गेलं आणि मागचा डेस्कटॉप सताड उघडा. एखादा मेनू उघडा राहिला असेल तर कीबोर्ड आधीच त्या मेनूच्या ताब्यात असतो आणि कुलूप लागतच नाही. एक्सची ही रचना मुळातच तकलादू आहे, यावर कुणाचं दुमत नाही. म्हणून झविन्स्की वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आला: कुलपाचा प्रोग्राम लहान ठेवा. बटणं, सावल्या, थीम आणि भाषांतरं घेऊन येणारी अगडबंब ग्राफिक ग्रंथालयं त्यात आणू नका. चित्र काढणारा प्रोग्राम वेगळा चालवा, म्हणजे गाय कोसळली तरी कुलूप कोसळणार नाही. दारापुढची रांगोळी फिसकटली म्हणून दाराची कडी निघता कामा नये, एवढंच.

मठाने काय केलं? रांगोळी पुसली आणि कडी घराच्या भिंतीतच चिणली. ग्नोमचं कुलूप हे ग्नोम शेलचाच, म्हणजे डेस्कटॉप चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामचाच, भाग झालं. त्या शेलचा मोठा हिस्सा जावास्क्रिप्टमध्ये आहे. २०१४ मध्ये उघड झालं की ३.१४ या आवृत्तीत कुलूपबंद पडद्यासमोर बसून प्रिंटस्क्रीनची कळ नुसती दाबून धरली, तर स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट साठत जाऊन मेमरी संपते. मेमरी संपली की लिनक्सचा गाभा सर्वांत खादाड प्रोग्राम शोधून ठार करतो. तो कोण, हे सुज्ञांस सांगायला नको. शेल मेलं की ते पुन्हा उभं राहीपर्यंत मागच्या खिडक्या समोर, आणि त्यांत टाइपही करता येतंय. फोटो काढून काढून फोडलेलं कुलूप! पंचतंत्रातही न शोभणारी कथा.

त्याहून रसाळ कथा लिनक्स मिंटची. २०२१ च्या जानेवारीत एका बापाने कळवलं की माझ्या मुलांनी माझा संगणक ‘हॅक’ केला. कसा? पोरं मिळून खऱ्या कीबोर्डवर आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर वाटेल तसे हात आपटत सुटली, आणि मिंटच्या कुलपाचा प्रोग्राम, सिनॅमन-स्क्रीनसेव्हर, कोसळून डेस्कटॉप मोकळा झाला. शोध घेतल्यावर कळलं, पडद्यावरच्या कीबोर्डवर ‘ē’ हे अक्षर दाबलं की तो कीबोर्ड कोसळतो आणि जाताना कुलपालाही घेऊन जातो. बीज कुठे होतं? त्याआधी एक्समध्ये झालेल्या एका सुरक्षादुरुस्तीत. सुरक्षा वाढली, म्हणून कुलूप तुटलं. एका स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ पडली आणि डेस्कटॉपची अब्रू गेली. झविन्स्कीने अर्थातच ‘मी सांगत नव्हतो?’ या थाटाचं लिहिलं. उन्मत्त होतं. बरोबरही होतं.

आमचा नायक संत आहे असा दावा नाही. संगणकाला जोडलेला दुसरा मॉनिटर नेमक्या क्षणी उपटला की एक्सस्क्रीनसेव्हरचंही कुलूप गळून पडतं, हे २०१५ मध्ये निघालंच. आणि स्वभाव? विचारू नका. आपली आवृत्ती फार जुनी झाली की त्याचा प्रोग्राम पडद्यावर तशी तंबी देतो. डेबियन या लिनक्स-वितरणाचं व्रत असं की स्थिर आवृत्तीत घेतलेलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं बदलायचं नाही. साहजिकच डेबियनवाल्यांना रोज तंबी. २०१६ मध्ये यावरून जुंपली तेव्हा झविन्स्कीचं म्हणणं: ताजं देणार नसाल तर माझं सॉफ्टवेअर तुमच्या भांडारातून काढून टाका. एका बाजूला शिळं वाढण्याचं सोवळं, दुसऱ्या बाजूला शिळं खाणाऱ्याच्या पाठीत धपाटा. मी त्या भांडणात कुणाच्याच बाजूने नव्हतो. खुर्ची ओढून बसलो होतो.

विजेचा युक्तिवाद राहिला. पडदा बंद केला की वीज वाचते, आकृत्या फिरवल्या की ग्राफिक कार्ड राबतं. शंभर टक्के खरं. पण एक तर गाय नाहीतर अंधार, हा पेच घातला कुणी? मॉनिटर किती वेळाने झोपवायचा हे एक्सस्क्रीनसेव्हरमध्येच ठरवता येतं. दहा मिनिटं गाय, मग अंधार. निर्गुणाकडे सगुणातून जाण्याची ही वाट आपल्याकडे फार जुनी आहे. आणि ही काटकसरीची प्रवचनं देतं कोण? केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉप-मठाने आपल्या चौथ्या आवृत्तीत नेपोमुक आणला होता. युरोपीय संघाच्या पैशावर झालेल्या संशोधनातून निघालेला ‘अर्थ समजणारा’ डेस्कटॉप! तुमच्या प्रत्येक फाइलीतला अर्थ हुडकत तो डिस्क खरवडत बसायचा, पंखे घोंघावायचे, आणि हवी ती फाइल शेवटी तुम्हालाच शोधावी लागायची. २०१४ मध्ये त्याला नारळ दिला. आजही चार ओळींचा निरोप पाठवायला आपण अख्खा ब्राउझर पोटात घेऊन फिरणारी चॅटची ॲप दिवसभर उघडी ठेवतो. त्या कढईत वितळणारे वॅट कुणाला दिसत नाहीत. दिसते ती गाय.

केडीईच्या डेस्कटॉपचं नाव प्लाझ्मा; त्याच्या पाचव्या आवृत्तीतून २०१४ मध्ये स्क्रीनसेव्हर गेला. ठीक. मात्र त्याच प्लाझ्मात खिडकी धरून ओढली तर ती थुलथुलावी अशी सोय शाबूत आहे. अख्खा डेस्कटॉप घनाच्या बाजूंवर चिकटवून गरगर फिरवण्याचा खेळ मधल्या काळात गळाला होता, तो २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत सन्मानाने परत आला. कुलपाच्या पडद्यामागे वॉलपेपरचा कुठलाही प्लगिन लावता येतो, हलणारासुद्धा. सारांश, काम करताना खिडक्या थुलथुलल्या तर चालेल, कुलपामागे चित्र हललं तरी चालेल, फक्त त्याला स्क्रीनसेव्हर म्हणायचं नाही. श्रावण पाळायचा आणि रस्सा चालतो म्हणायचं.

ग्नोमवर आरोप होतो तो वेगळाच: हे लोक ॲपलची नक्कल करतात. साफ खोटं. नक्कल केली असती तर आज स्क्रीनसेव्हर असता. ॲपलने २०२३ च्या मॅकओएस सोनोमात डोंगरदऱ्यांवरून संथ तरंगत जाणारी दृश्यं आणली. ती आधी स्क्रीनसेव्हर म्हणून चालतात आणि तुम्ही परतलात की हळूच थांबून वॉलपेपर होतात. पुढच्याच वर्षी जुन्या मॅकिंटॉशच्या चित्रलिपीचा खास स्क्रीनसेव्हर दिला. जगातल्या सर्वांत गर्भश्रीमंत साधेपणाला हे परवडतं. विंडोज ११ मध्येही एका अडगळीतल्या चौकटीत बुडबुडे आणि रिबिनी अजून जिवंत आहेत. वैराग्य आलं ते फक्त आम्हाला, म्हणजे ‘संगणक तुमचा, निवड तुमची’ अशी द्वाही फिरवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना.

आता थोडं आमच्याच बाजूच्या उत्साही मंडळींबद्दल. ओलेड मॉनिटर आले, त्यांचे सूक्ष्म दिवे वापराने झिजतात, तेच चित्र सतत राहिलं तर डाग उरतो. तेव्हा बघा, गरज परत आली, असा जल्लोष ते करतात. गप्प बसा. ओलेडमध्ये काळा रंग म्हणजे दिवा बंद. झीज टाळायला काळ्या पडद्याइतकं गुणकारी औषध नाही. त्यात डाग पडतात ते तुम्ही काम करत असताना तासन्‌तास जागचे न हलणाऱ्या गोष्टींचे: वरची पट्टी, घड्याळ, संपादकाची कड. तिथे तुमचा स्क्रीनसेव्हर काय करणार, काम चालू असताना मध्येच गाय सोडणार? उपयुक्ततेच्या कोर्टात हा खटला आपण हरलेलो आहोत, आणि हरलेलाच बरा. टोस्टरांना पंख फुटले तेव्हा त्यांनी कुणाकडे उपयुक्ततेचा दाखला मागितला नव्हता.

वेलँड आलं, हे मात्र चांगलं झालं, आणि मी ते दातओठ न खाता म्हणतो. एक्सची जागा घेणाऱ्या या व्यवस्थेत २०२२ मध्ये कुलपासाठी वेगळा शिष्टाचार, म्हणजे प्रोटोकॉल, ठरला. कुलपाचा प्रोग्राम मेला तरी पडदा उघडत नाही, बंदच राहतो. झविन्स्की ज्यासाठी वर्षानुवर्षं कंठशोष करत होता ते दुसऱ्यांनी मुळातून दुरुस्त केलं. कडी आता पक्की झाली, म्हणजे रांगोळी काढायला हरकत राहिली नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ग्नोम तो शिष्टाचार बाहेरच्या कुणासाठी उघडत नाही. माणूस किती वेळ हललेला नाही हे विचारायची आणि सगळ्यांच्या वर चित्र पसरायची जी सामायिक सोय इतर वेलँड डेस्कटॉपवर मिळते, तीही देत नाही. एक्सवर निदान मागच्या दाराने घुसता येत होतं. २०२५ च्या ग्नोम ४९ ने एक्सचं सत्र मुळातच बंद करून ठेवलं, त्यामुळे तेही दार गेलं. अशक्य आधी करायचं आणि मग ‘कुणी वापरतच नाही’ म्हणून मोजणी करायची, याला सांख्यिकी म्हणतात.

लोक वापरतातच. हायप्रलँडसारखे, खिडक्या फरशांसारख्या मांडणारे, टायलिंग डेस्कटॉप सजवणारी पोरं टर्मिनल पूर्ण पडदाभर पसरतात आणि त्यात अक्षरांचे मासे पोहवतात, अक्षरांचे पाइप वाढवतात. रूबी ऑन रेल्सचा कर्ता डेव्हिड हाइनमायर हॅन्सन याने २०२५ मध्ये ओमार्ची नावाचं लिनक्स काढलं. बिनकामाचं काही नको म्हणणाऱ्या कीबोर्डवाल्यांसाठी काढलेल्या या व्यवस्थेत बसवल्याबरोबर काय मिळतं? टर्मिनलमध्ये नाचणाऱ्या अक्षरांचा स्क्रीनसेव्हर.

ग्नोमवर बसलेल्या सगुणभक्तालाही एक मार्ग उरला आहे. यूट्यूबवर विंडोजच्या जुन्या पाइपांचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ आहेत. उतरवून घ्या, प्लेअरमध्ये लावा, पडदाभर पसरा. मध्येच काळा पडदा येऊ नये म्हणून प्लेअर ग्नोमला कळवेल: कृपया स्क्रीनसेव्हर रोखा. हा निरोप घ्यायला ग्नोममध्ये स्क्रीनसेव्हर-प्रॉक्सी नावाची एक सेवा नेमलेली आहे. जो स्क्रीनसेव्हर नाही त्याला रोखायचं काम ती इमानेइतबारे करते, आणि तुम्ही निवांत स्क्रीनसेव्हर बघता.